दोन मापं मोठी सायकल

आमचे घरमालक सायकलवर बसत नसत, चढत असत. त्यासाठी त्यांना पायरी लागायची. अंजूरला मी खोली बघायला गेले त्या सकाळी ते ओटीच्या वरच्या पायरीवर उभे होते. डोक्याला हेल्मेट, अंगात पिवळाधमक घट्ट टी-शर्ट, त्यावर सोन्याची चेन आणि खाली चौकड्याची लुंगी. पायरीला टेकवून एक काळी, रेसची असते तशी सायकल उभी केलेली. माझं नाव-गाव न विचारता ते म्हणाले, "बाय, जरा हँडल धर." मी धरलं. त्यांनी लुंगी आवरून एक पाय पलीकडे टाकला, कण्हत-कुंथत बूड सीटवर नेलं आणि फाटकातून बाहेर पडले. जाता जाता मागे न बघता ओरडले, "चावी काकीकडं हाय. खोली आवडंल तुना."

खोली आवडली. असा माणूस रोज बघायला मिळणार असेल तर भाडं वसूल आहे, असंही मनात आलं. लुंगी का, ते नंतर कळलं. आतमध्ये सायकलवाले घालतात ती अंगाला चिकटलेली काळी चड्डी होती आणि तेवढ्यावर गावातून जायचं नाही असा काकींचा हुकूम होता. गावाची वेस आली की काका लुंगी सोडून कमरेला बांधत. परतताना वेशीवर पुन्हा नेसत, चालत्या सायकलवर, एका हातानं. ही कसरत बघायला लोक मुद्दाम उभे राहत.

मी फिजिओथेरपिस्ट. तेव्हा भिवंडीतल्या एका दवाखान्यात कामाला होते. लूमपुढे शिफ्टच्या शिफ्ट उभे राहणारे, गोदामात खोके उचलणारे, कंटेनर चालवणारे, असे कुठे ना कुठे आखडलेले लोक दिवसभर माझ्या टेबलावर येत. संध्याकाळी रिक्षातून अंजूरला उतरले की आणखी कोणाचं दुखणं ऐकायची माझी तयारी नसे. पण काकांचं दुखणं ऐकावं लागत नसे, ते लांबूनच दिसायचं. सायकलवरून आले की ते फाटकापासून ओटीपर्यंत दोन्ही हात झटकत येत, मान एका बाजूला धरून.

त्यांच्या घराण्याची शेतं खाडीच्या अंगाला होती. वडील भात पिकवायचे आणि भरती-ओहोटी बघून मासे धरायचे. त्या जमिनीवर आता गोदामं उभी होती आणि काकांना गावात सगळे शेठ म्हणत. उंची बेताची, हात आखूड, छाती रुंद. आवाज मात्र सहा फुटी माणसाचा. काकी वरच्या मजल्यावर मला कधी हाक मारत नसत, काकांना सांगत. मग काका हाक मारत आणि अर्धं गाव खिडकीत येई.

सायकल ही त्यांची हौस नव्हती. त्यांच्या वडलांना साखर होती. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. त्यानंतरची वर्षं ते खाटेवरच होते. काकांना स्वतःला पन्नाशी ओलांडल्यावर साखर निघाली तेव्हा ती त्यांनी आजार म्हणून घेतलीच नाही, घरात शिरलेला चोर असावा तशी घेतली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालल्यावर गुडघे बोलायला लागले. मग सायकल आली, आणि सायकलनं साखर खाली आणली, हे डॉक्टरांनीही मान्य केलं होतं. "जवर पायडल फिरतंय तवर पाय माझा हाय," असं ते म्हणत. ते हसत हसत म्हणत, पण त्यांच्या मनात ते अगदी तसंच होतं.

आता एवढ्या गरजेची वस्तू माणसानं मापाची घ्यावी की नाही? ती खरेदी कशी झाली ते काकींनी मला भाकऱ्या थापता थापता सांगितलं. ठाण्याच्या दुकानात एकाच सायकलची लहान, मध्यम, मोठी अशी मापं होती आणि किंमत तिन्हींची एकच. दुकानदार बिचारा उंची विचारत होता. काका म्हणाले, किंमत सारखी असताना लहान कोण घेईल. या घरात कपाट मोठं, कुकर मोठा, नातवाचा गणवेश वाढत्या अंगाचा, काकींच्या बांगड्यासुद्धा जरा सैल. कमी पडलं तर काय करायचं, या एका भीतीनं सगळी खरेदी होत असे. दुकानदारानं मधली सायकल पुढे केली तेव्हा ते म्हणाले, "ही पोरांची हाय." आणि हेच वाक्य ते गावभर सांगत आले. सगळ्यांत मोठी सायकल टेम्पोतून गावात आणली तेव्हा पेढेही वाटले.

त्यामुळे झालं असं की काकांना वाटेत थांबता येईना. थांबलं तर पाय जमिनीला नीट पुरेना. तरी माणूस हटला नाही. अंजूरपासून मानकोलीपर्यंतची प्रत्येक उंच जागा त्यांनी पाठ केली. देवळाचा कट्टा, पाण्याच्या टाकीचा चौथरा, गोदामाचा माल उतरवायचा फलाट, नाक्यावरचा दुभाजक. तहान लागली तरी पुढचा कट्टा येईपर्यंत ते पाणी पीत नसत. मी एकदा कामावर जाताना त्यांना मानकोली नाक्यावर बघितलं. एक पाय दुभाजकावर ठेवून ते सायकलवरच बसले होते आणि चहावाला त्यांच्या हातात ग्लास देत होता.

"शेठ, कभी उतर के भी पिया करो," तो म्हणाला.

"उतरेगा तो चढायेगा कौन? तू?" काका म्हणाले.

दुखण्यावर त्यांचा एकच इलाज होता, गादी. दुखतं म्हणजे गादी कमी आहे. आधी सीटवर जेलचं कव्हर आलं, त्यावर स्पंज आला, मग मोटरसायकलच्या सीटा शिवणाऱ्याकडून रेक्झिनचा गुबगुबीत डबल मामला आला. हँडलला लूमवरच्या चिंध्या गुंडाळून गुंडाळून ते मनगटाएवढं जाड झालं. रेसच्या सायकलचा पार सोफासेट केला आणि तरी माणूस हात झटकतच परत येई. आमच्याकडे बहुतेकांना असंच वाटतं. आराम म्हणजे मऊ. माझे पेशंटसुद्धा कंबर धरून येतात आणि विचारतात, कापसाची गादी घेऊ की फोमची. कसे बसता, किती वाकता, हात कुठवर न्यावा लागतो, हे विचारलं की मी उगीच शाळा घेतेय असा चेहरा करतात.

मी काकांना मांड्यांच्या मागचे स्नायू सैल करायचे व्यायाम दाखवले. त्यांनी ते दोन दिवस केले आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "बाय, साठीला आलेला मानूस आता कवा वाकनार? मी न्हाय वाकनार. वाकली तर ती वाकंल." ती म्हणजे सायकल. मला राग आला, पण खरं सांगायचं तर वाक्य आवडलं.

मग ते तिला वाकवायला लागले. सीट पुढे सरकवली, म्हणजे हँडल जवळ येईल. हँडल जवळ आलं आणि गुडघे दुखायला लागले. पुन्हा सीट मागे. मग भिवंडीतल्या मेकॅनिककडून हँडल जोडणारा दांडा आखूड करून आणला. त्यानं तर सायकलचा स्वभावच बिघडला. जरा हात हलला की पुढचं चाक भलतीकडे वळे. एका सकाळी कंटेनर शेजारून गेला, त्याच्या वाऱ्यानं ते असे डगमगले की थेट भाजीवाल्याच्या टोपल्यांत जाऊन थांबले. दुसऱ्या दिवशी जुना दांडा परत लागला. पडण्याला ते घाबरले नव्हते. पडलो तर घरचे सायकल बंद करतील, याला घाबरले होते.

आणि नेमकं तेच झालं, पण पडल्यामुळे नाही. एका सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप सुटला. काकींच्या साडीवर सगळा चहा. कप सुटला हे त्यांना कप फुटल्यावर कळलं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बधिर. डाव्या हाताचंही थोडंफार तेच. ते म्हणे बरेच दिवस चाललं होतं, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

मुलगा समोरच होता. तो गोदामांचं कामकाज बघायचा, शांत माणूस. तो एवढंच म्हणाला, "पप्पा, साखर नसांत उतरली. आजोबांचं असंच सुरू झालं होतं." त्यानं त्या दिवशी सायकलचं पुढचं चाक काढून गोदामाच्या ऑफिसात कुलपात ठेवलं. डॉक्टरांशी बोलून इन्शुलिनच्या सुईची तयारी करतो म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं. आजोबांच्या जखमा लहानपणी त्यानं पाहिल्या होत्या.

त्या संध्याकाळी काका पहिल्यांदा जिना चढून वर आले. एरवी खालून हाक मारत. खुर्चीवर बसले, दोन्ही पंजे माझ्यापुढे टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "तू शिकलेली हाय. तू सांग. हे साखरेचं हाय का सायकलचं?"

मी म्हटलं, असं बघून सांगता येत नाही. दोन्ही असू शकतं. साखर बहुतेक वेळा पायांपासून सुरुवात करते, तेव्हा आधी पाय दाखवा.

त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. पायात मोजे होते. "पाय न्हाय," ते म्हणाले. "हातापुरतं बोल."

मी दोनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही, इतका त्यांचा चेहरा बंद झाला होता. मग हातापुरतं बोलले. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं एक नस जाते. तिच्यावर रोज तास-दीड तास अंगाचा भार पडला तर हीच दोन बोटं बधिर होतात, दुसरी नाही. पण भार खरंच तिथे पडतो का, हे तुम्हाला सायकलवर बसवून बघावं लागेल.

"मंग रविवारी बघ," ते उठता उठता म्हणाले. "सायकलचं असंल तर सायकल सुधारू. साखरेचं असंल तर..." ते वाक्य त्यांनी जिन्यात तसंच सोडलं.

रविवारी खाली गेले तर ओटीवर सगळी तयारी. पुढचं चाक नव्हतं म्हणून ते जिथे बसतं त्या चिमट्याखाली पाटावर पाट रचून सायकल सरळ केलेली, गवंड्याची लेवल पट्टी वर ठेवून तिच्यातला बुडबुडा मधोमध आणलेला. स्वतः चड्डी-टीशर्टमध्ये, लुंगीसकट. जवळ मोजपट्टी आणि ओळंबा. जमिनीची मोजणी हयातभर बघितलेला माणूस, त्याला माप घ्यायची भारी आवड. मापाप्रमाणे चालायची नाही, घ्यायची. काकी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मुलगाही खांबाला टेकून उभा होता. त्याला वाटत होतं यातून काही निघणार नाही, पण तो आला होता.

काका चढले. मी बाजूनं बघितलं आणि मला हसू आलं, मग वाईट वाटलं. हँडल खाली नव्हतं, उलट वरच होतं. म्हणूनच त्यांना वाटत होतं की वाकायला लागत नाही, म्हणजे सायकल बरोबर आहे. पण हँडल लांब होतं. फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातला डबा काढताना माणूस जसा ताणतो तसे ते ताणले होते. कोपरं ताठ, खांदे कानांना लागलेले, मनगटं मागे मुडपलेली आणि सगळं वजन तळहाताच्या नेमक्या त्या कडेवर. मी त्यांची कोपरं जरा वाकवायला सांगितली तर बोटं हँडलवरून सुटली. मग सीट पुढे घेऊन गुडघ्यापासून ओळंबा सोडला. तो पायडलच्या बराच पुढे लोंबला. म्हणजे सीट पुढे घ्यावी तर गुडघा जातो, मागे घ्यावी तर हात जातात.

"मंग काय करू?" ते वरूनच म्हणाले.

"काही करू नका. ही तुमची नाही," मी म्हटलं. "तुम्हाला दोन मापं लहान लागते."

काकींचे तांदूळ निवडायचे हात थांबले. काका खाली उतरले, ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. पैशाचा प्रश्न नव्हता, ते एका फोनवर तीन सायकली मागवू शकले असते. प्रश्न असा होता की लहान सायकल पोरांची असते, हे त्यांनीच गावाला सांगितलं होतं, पेढे वाटून. "ल्हान घेतली तर हँडल खाली जाईल, अजून वाकाया लागंल," असं कारण त्यांनी काढलं. ते अगदीच खोटं नव्हतं. मी म्हटलं, बघून सांगते.

त्यानंतरच्या संध्याकाळी आम्ही ओटीवर बसून त्यांच्या मोबाइलवर सायकलींचे इंग्रजी व्हिडिओ बघितले. आवाज पूर्ण मोठा. एखादा गोरा माणूस काही बोलला की काका व्हिडिओ थांबवत आणि म्हणत, "मराठीत बोल." मी सांगायची आणि सांगता सांगता मलाही समजत जायचं. सायकलची मापं दोनच महत्त्वाची, पायडलपासून हँडल किती वर आणि किती पुढे. रेसची सायकल हँडल खाली आणि लांब ठेवते, कारण तिला वारा कापायचा असतो. पण लांब पल्ल्यासाठी दुसऱ्या घडणीची सायकल असते. तिच्या हँडलखालच्या नळीची उंची जास्त, म्हणून सायकल लहान घेतली तरी हँडल वर राहतं आणि जवळही येतं. तिचा चिमटा जरा पुढे कललेला, दोन चाकांमधलं अंतर थोडं जास्त, म्हणून ती खड्ड्यावर उसळत नाही आणि शेजारून मोठी गाडी गेली तरी सरळ चालते. टायर रुंद बसतात, त्यांत हवा कमी लागते, हादरे तिथेच मुरतात.

"म्हंजी आराम गादीत न्हाय," काका म्हणाले.

"नाही. मापात आहे."

"हं," ते म्हणाले. आणि सायकल घेण्याचं नाव काढलं नाही.

चार-पाच दिवस ते गप्प होते. हा माणूस गप्प असला की घराला आजार झाल्यासारखं वाटायचं. शेवटी मीच भांडले. माझ्या स्वयंपाकघरातला ओटा बुटका होता. मी राहायला आल्यावर आठवड्याभरात सहज बोलून गेले होते की पाठीला रग लागते. दुसऱ्या दिवशी काका मोजपट्टी घेऊन आले, माझ्या कोपराची उंची घेतली, गवंडी बोलावला आणि ओटा उचलला. मी नको नको म्हणत होते. तेव्हा ते म्हणाले होते, दगड वर येतो की, मंग मानसानं कशाला वाकायचं. मी त्यांना तेच ऐकवलं. "भाडेकरणीला मापाचा ओटा आणि स्वतःला हा सोफासेट. लोक काय म्हणतील म्हणून हात घालवणार आहात का, काका? गावाला तुमची बोटं लागत नाहीत. तुम्हाला लागतात."

ते उठून उभे राहिले. रागावले असतील असं वाटलं. मग त्यांनी मुलाला हाक मारली, त्यांच्या त्या आवाजात. तो धावत आला. "ऐक," ते म्हणाले. "मी दुसरी सायकल आनतो, माझ्या मापाची. महिनाभर चालवतो. बोटं परत आली तर हे सायकलचं व्हतं, मना कोनी अडवायचं न्हाय. न्हाय आली तर तू दोन्ही सायकली विक, मी सुई घेतो, तू बोलशील तसा ऱ्हातो."

मुलगा म्हणाला, "पप्पा, नक्की?"

"मी कवा फिरलोय का?" काका म्हणाले. फिरले नव्हते कधीच. तीच तर अडचण होती.

दुकानात मीही गेले होते. दुकानदार तोच. त्यानं ओळखलं आणि सावधपणे विचारलं, कोणतं माप दाखवू. काका म्हणाले, "माझं." कमरेला खोचलेली मोजपट्टी काढून त्यांनी पाच-सहा सायकलींचं हँडल आणि सीट मोजलं, प्रत्येकीवर बसले, प्रत्येकीवर मला बाजूनं बघायला लावलं. कोपरं सैल आहेत का, खांदे खाली आहेत का. शेवटी एक निळी निघाली. तिच्यावर बसून त्यांनी दोन्ही पाय फरशीवर टेकवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. सीट बारीक आणि कडक होती. दुकानदार म्हणाला जेलचं कव्हर घ्या, वर्षभर गॅरंटी. काका म्हणाले, "न्हाय. खूप झाल्या गाद्या."

टेम्पो करू असं मुलगा म्हणत होता, संध्याकाळी अंधार पडल्यावर आणू. त्यांनी ऐकलं नाही. मानकोलीपर्यंत टेम्पोत, आणि तिथून गावापर्यंत स्वतः चालवत, चार वाजताच्या लख्ख उन्हात, माणसं कट्ट्यावर बसलेली असताना. मी मागून रिक्षात होते. देवळाजवळ त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ पेपर खाली करून म्हणाले, "शेठ, सायकल धुतल्यावर आटली काय?" कट्टाभर हशा झाला. काकांनी ब्रेक दाबला. भर रस्त्यात, कट्ट्याचा आधार न घेता, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभे राहिले. "आटली," ते म्हणाले. "तुझी जीभ पन एकदा धुऊन बघ." आणि जिथे होते तिथूनच पायडल मारून निघाले. त्यानंतर त्या सायकलवर गावात कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

तो महिना घरात कोणालाच गोड गेला नाही. काकी तांदूळ निवडायला बसल्या की काका शेजारी बसत आणि करंगळी व अंगठा यांच्या चिमटीत खडा धरून बघत. खडा पडे. ते पुन्हा उचलत. मुलगा येता-जाता बघे. मला कामावर असताना मध्येच त्यांची आठवण यायची, कारण मी छातीठोकपणे काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी मात्र माझ्या बोलण्यावर पाय पणाला लावला होता. खांद्यांची रग आठवड्यातच गेली. मान सैल झाली. बोटं तशीच. मग एका सकाळी मी दार उघडून बाहेर येते तो खालून आवाज आला, "बाय, खडा कलला. करंगलीला कलला." मी जिन्यात आले. खाली काकी सूप बाजूला ठेवून पदरानं डोळे पुसत होत्या आणि काका तो खडा मुलाच्या तळहातावर ठेवून म्हणत होते, "घे. सांभालून ठेव."

त्यानंतर त्यांना मापांचं वेड लागलं, दुसऱ्यांच्या. चहावाल्याचा बाक उंच करायला लावला. ट्रक ड्रायव्हरांना खिडकीतून विचारू लागले, "सीट कितनी पीछे है तुम्हारी?" एकदा तर माझ्या दवाखान्यात आले आणि बाहेर बसलेल्या लूमवाल्याला पाय जमिनीला सपाट टेकवून बसायला शिकवत होते. त्यानं ऐकलं. माझं तो महिनाभर ऐकत नव्हता. लुंगी मात्र सुटली नाही, काकींनी त्या बाबतीत कोणाचं ऐकलं नाही.

वर्षभरानं माझं डोंबिवलीला जायचं ठरलं. आता खाडीवर पूल झालाय, डोंबिवली काही लांब नाही, पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं. शेवटच्या रविवारी फिरून आल्यावर ते ओटीवर बसले, बूट काढले, आणि मी जिना उतरत असताना मोजेही काढले. त्यांची उघडी पावलं मी पहिल्यांदा बघत होते.

"जायच्या आधी पाय बघून जा," ते म्हणाले. "आता बघवंल मना."

मी वरून माझी नायलॉनची बारीक काडी घेऊन आले. तिचं टोक तळव्याला अलगद टेकवायचं आणि माणसाला कळतं का ते बघायचं, एवढीच ती तपासणी. डोळे मिटा म्हटलं, लागलं की हाय म्हणा. काकी उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. उजवी टाच. "हाय." उजवा चवडा. "हाय." एकेक बोट. "हाय. हाय." डाव्या पायावर आले. टाच, चवडा, अंगठा, सगळीकडे हाय. शेवटी करंगळी. मी टोक टेकवलं. हाय आलं नाही. मी काडी वाकेपर्यंत पुन्हा टेकवली, आणि पुन्हा एकदा.

काका डोळे मिटूनच म्हणाले, "थांबलीस का?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्या हाताकडे बघितलं, काडी अजून त्या बोटावरच होती. मग काकींकडे बघितलं. मी सांगितलं की एकच बोट आहे, डॉक्टरांना आजच दाखवायचं, आणि पाय रोज बघायचा, जखम झाली तर कळणार नाही म्हणून.

"आरसा आन," ते काकींना म्हणाले.

काकींनी आतून आरसा आणला. त्यांनी डावं पाऊल मांडीवर घेतलं, आरसा खाली धरला आणि तळवा, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं सावकाश बघितलं. उद्या कोणत्या वेळी बघायचं तेही काकींशी ठरवलं. डॉक्टरांची वेळ मुलाला घ्यायला सांगितली. मग एकेक मोजा सरळ करून, सुरकुती न पडू देता, पायात चढवला.

"नऊ बोटांना कलतंय ना?" त्यांनी मला विचारलं.

"कळतंय," मी म्हटलं.

"मंग दहाव्याला ती नऊ घेऊन जातील," ते म्हणाले, आणि बूट बांधून पुन्हा सायकलवर बसले.